पाय बांधण्याआधी पाय ओळखा

पिल्लाचा पाय वाकडा दिसला की आपला हात आधी चिंधी-दोऱ्याकडे जातो. परसात कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की दोरा हातात घेण्याआधी पिल्लू तळहातावर घ्या आणि दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून नीट बघा. सगळी लंगडी पिल्लं एका दुखण्याची नसतात.

आमच्या शेजारच्या काकूंनी गिरिराजाची एक दिवसाची पिल्लं आणली होती. गुळगुळीत खोकं, खाली वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना फाकले. सांधे जागेवर होते, सूज नव्हती, बोटं सरळ होती; फक्त पाय पोटाखाली राहत नव्हते. अशा पिल्लाला बांधण्याचा खरंच उपयोग होतो. जखमेवर लावायची चिकटपट्टी उभी अर्धी कापली, मधला कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि टोकं दोन्ही नळ्यांभोवती सैलसर गुंडाळली. मध्ये साधारण दोन बोटांचं अंतर, म्हणजे पिल्लू उभं राहील आणि चार पावलं टाकेलही. खाली गोणपाट अंथरलं. थोड्याच दिवसांत ते इतरांबरोबर पळू लागलं.

पुढचा घोळ या यशातूनच झाला. त्याच घोळक्यातलं तिसऱ्या आठवड्यातलं एक पिल्लू लंगडायला लागलं, तेव्हा काकूंनी त्यालाही तशीच पट्टी बांधली. ‘‘वहिनी, मागच्या खेपेला उठलं होतं की!’’ त्या म्हणाल्या. पण याचा घोटा सुजून रुंद झाला होता, सांध्यामागची शीर खाचेतून सरकून बाजूला गेली होती आणि खालचा पाय बाहेर वळला होता. पट्टीने त्याचा त्रास फक्त वाढला. शीर सरकण्यामागे बऱ्याचदा खाद्यात मँगनीज किंवा कोलीन कमी पडणं असतं. नुसत्या मक्यावर वाढलेल्या पिल्लांत हे होऊ शकतं. एकदा शीर निसटली की पाय सहसा पूर्ववत होत नाही. उरलेल्या पिल्लांचं खाद्य सुधारणं मात्र आपल्या हातात असतं.

तिसरा प्रकार बोटांचा. पंजा मुठीसारखा आत वळतो आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकतं. अशा वेळी पहिला संशय ब-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा घ्यावा. नुसत्या कणीवर पिल्लं वाढवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. ब-कॉम्प्लेक्सचं औषध पशुवैद्यकांना विचारून पाण्यातून लगेच सुरू करावं आणि ते पाणी सावलीत ठेवावं, कारण उन्हात हे जीवनसत्त्व नासतं. उशीर झाला तर नसांना झालेली इजा भरून येत नाही. चोच मऊ लागली, हाडं वाकू लागली तर मुडदूस समजून ड-3, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा विचार करावा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र पिल्लांना घालू नका. त्यात कॅल्शियम पिल्लांच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असतं आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात.

पाय फाकलेल्या पिल्लाला बांधायचंच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच बांधा; पुढे हाडं-स्नायू त्याच वळणावर बसतात. दोरा किंवा रबर कधीही वापरू नका, ते मांसात रुततात. सकाळ-संध्याकाळ पंजे बघा: गार पडले, निळसर झाले किंवा सुजले तर पट्टी तिथल्या तिथे सोडा. पाण्याच्या थाळीत खडे टाका, नाहीतर बांधलेलं पिल्लू त्यात पडून बुडेल. त्याला वेगळं ठेवा, पण एखादं शांत पिल्लू सोबतीला द्या. एकटं पिल्लू ओरडून थकतं आणि गर्दीतल्या लंगड्याला बाकीची टोचतात. पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंश सेल्सिअसच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवावी. खाली भाताचं तूस किंवा खरखरीत कापड असावं. वर्तमानपत्रावर नख रुतत नाही आणि मग पाय घसरतो.

दीड-दोन महिन्यांचा पक्षी एक पाय पुढे, एक मागे टाकून पडला तर मॅरेक्सचा संशय धरा. त्यावर इलाज नाही, लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते. पिल्लं विकत घेतानाच ती दिली आहे का, हे विचारून घ्या.

जे पिल्लू खाण्यापर्यंत पोचत नाही, बसून बसून ज्याच्या छातीला जखमा होतात, त्याला ओढत नेण्यात दया नाही. पशुवैद्यकांकडून त्याची सुटका करून घ्या. काकूंच्या त्या शीर सरकलेल्या पिल्लाचं आम्ही तेच केलं. मुलं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत, तरीही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची असतील, तर ज्या कोंबड्यांची अंडी घ्यायची त्यांना दोन-तीन आठवडे आधीपासून चांगलं खाद्य आणि रोज मूठभर लसूणघास द्या. पिल्लाच्या बोटांना लागणारं ब-2 अंड्यात उतरतं ते कोंबडीने खाल्लेल्या अन्नातूनच.