घरच्या घरी सर्किट बोर्ड
चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर तांब्याचा थर असलेला बोर्ड आणि फेरिक क्लोराइड मिळते. तांब्याच्या बाजूने दिसणारी आकृती लेझर प्रिंटरने चकचकीत कागदावर उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी छापा. माझी सुलटी छापली गेली. आयसीच्या पायांचा क्रमच उलटला आणि बोर्ड वाया गेला. म्हणून आधी छापील बाजूवर आयसी ठेवून पायांचे क्रमांक जुळवा.

घासलेल्या तांब्यावर कागद पालथा ठेवून गरम इस्त्री दाबा. टोनर चिकटला, की पाण्यात भिजवून कागद सोडवा. फेरिक क्लोराइडमध्ये उघडे तांबे विरघळते, टोनरखालचे उरते. नंतर ०.८ मिमीची भोके पाडा.

हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचे भांडे हवेच. वापरलेल्या द्रावणात तांबे असते. ते मोरीत न ओतता बाटलीत भरून प्रयोगशाळेत सरांकडे द्या.