पुट्टीची भिंत आणि घासण्याचे यंत्र

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत जिप्समचे फलक बहुधा छतापुरतेच वापरले जातात. भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असते. त्यामुळे परदेशात जिप्समच्या भिंतींसाठी रूढ झालेले लांब दांड्याचे विद्युत यंत्र, म्हणजे ‘वॉल सँडर’, नारायणगाव-मंचरच्या नव्या घरांत मुख्यतः पुट्टी घासण्यासाठीच चालते. पुढील संवादात घरमालक प्रश्न विचारतो आणि जाणता रंगकारागीर उत्तरे देतो.

घरमालक : हाताने पॉलिश पेपर मारून भिंत गुळगुळीत होते, मग यंत्र कशाला?

कारागीर : सुमारे २२५ मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेते, त्यामुळे काम झपाट्याने उरकते, परंतु पुट्टीचे दोन्ही हात मिळून थर जेमतेम दीड मिलिमीटरचा असल्याने भिंतही तितक्याच झपाट्याने बिघडते. म्हणून नवख्याने कमी वेगापासून सुरुवात करावी, चकती भिंतीला सपाट टेकवावी, जोर न लावता ती सतत सरकती ठेवावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवावा. चकती एका जागी थांबली किंवा तिरकी झाली, तर भिंतीवर चंद्रकोरीसारखा चर उमटतो.

घरमालक : तो चर तिथल्या तिथे दिसतो का?

कारागीर : समोरच्या उजेडात तो लपतो. भिंतीलगत दिवा धरून तिरपा उजेड टाकला की पुट्टी लावण्याच्या पत्र्याचे ओरखडेसुद्धा उठून दिसतात. शेवटच्या हातासाठी १८० ते २२० क्रमांकाचा कागद पुरतो (क्रमांक जितका मोठा, तितके दाणे बारीक). कोपरे मात्र हातानेच घासावेत.

घरमालक : पावसाळ्यात हे काम करता येते का?

कारागीर : पुट्टी पुरती वाळली असेल तरच. भीमाशंकर-डिंभे पट्ट्यात दमट हवेमुळे ती उशिरा वाळते, आणि ओल राहिली तर भुकटीचे गोळे होऊन कागद भरतो.

घरमालक : यंत्रासोबत आणखी काय घ्यावे लागते?

कारागीर : धूळ ओढणारे व्हॅक्यूम, त्याच्याविना घेतलेले यंत्र अर्धवट खरेदी ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, जिप्समच्या भिंती घासताना व्हॅक्यूम जोडल्यास धूळ ८० ते ९७ टक्क्यांनी घटते. पुट्टीची धूळ चुन्यासारखी आम्लारीधर्मी असल्याने डोळे चुरचुरतात. चकती खाली वाळूच्या गिलाव्यापर्यंत पोहोचली, तर सिलिकेचे सूक्ष्म कणही उडतात. दीर्घकाळ श्वासात गेलेले हे कण फुप्फुसांना कायमची इजा करतात. त्यातून होणारा सिलिकोसिस नोंदवणे बंधनकारक असलेल्या आजारांत आहे. साध्या घरगुती व्हॅक्यूममधून बारीक भुकटी पुन्हा खोलीत सुटते, म्हणून बारीक धूळ अडवणारी पिशवी व गाळणी हवी.

घरमालक : तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही?

कारागीर : नाही. बारीक कण कापडातून सहज जातात. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, आणि दाढी वाढलेली असेल तर तो घट्ट बसत नाही. डोळ्यांना बंद गॉगल लावावा. काम संपल्यावर झाडू मारल्यास बसलेली धूळ परत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

घरमालक : विजेचे काय?

कारागीर : यंत्र २३० व्होल्टवर चालते, त्यामुळे जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, गळती होताच तो प्रवाह तोडतो. वायर खांद्यावरून मागे टाकावी आणि कागद बदलण्यापूर्वी प्लग काढावा.

घरमालक : जुन्नरमधील जुन्या वाड्याची रंगवलेली भिंत याच यंत्राने घासली तर?

कारागीर : तेथे यंत्र लावू नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची भुकटी लहान मुलांना विशेष घातक ठरते. असा रंग पाणी शिंपडून ओल्या अवस्थेतच खरवडावा, आणि मातीचा किंवा चुन्याचा गिलावा भुसभुशीत झाला असेल, तर आधी त्याचीच दुरुस्ती करावी.