लायब्ररीत बदल केलात? पाठवण्याआधी स्वतःच्या साइटवर चालवून बघा

दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट बनवून व्यवसाय उभा करणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे.

समजा, तुम्ही एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं पान बनवलंय. तारीख-वेळ दाखवायला डेजेएस ही मोफत, ओपन सोर्स लायब्ररी वापरलीय. तिच्यात मराठीची फाइल आहे. तुम्हाला वाटतं, एएम-पीएमऐवजी 'सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री' असं यावं.

काही जण काय करतात? साइटच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये शिरून थेट फाइल बदलतात. लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल केली की तो बदल पुसला जातो. टिकाऊ मार्ग म्हणजे सुधारणा मूळ प्रोजेक्टला पाठवणं. पण ती फाइल इतरही साइट वापरतात. 'दुपारी १२' च्या जागी 'रात्री १२' दिसलं, तर पेशंट चुकीच्या वेळी येणार आणि बोलणी तुमच्या ग्राहकाला बसणार. म्हणून आधी तपासा.

१. बदल करण्याआधीच टेस्ट चालवा. गिटहबवर फोर्क करा, कॉम्प्युटरवर क्लोन घ्या, वेगळी ब्रँच काढा. एनपीएम इन्स्टॉल करून लगेच एनपीएम टेस्ट चालवा. आत्ताच काही फेल होत असेल, तर ते तुमच्यामुळे नाही हे कळतं. दुकान ताब्यात घेताना आधी माल मोजतो ना, तसंच.

२. बदल करा आणि त्याची टेस्ट लिहा. सोर्स फोल्डरमधली मराठीची फाइल बदला. टेस्टमध्ये सोप्या वेळा घेऊन भागणार नाही. रात्री १२, सकाळी ११:५९, दुपारी १२ अशा काठावरच्या वेळा घ्या. गडबड तिथेच होते.

३. बिल्ड करा. नवा माणूस इथे अडकतो. तुम्ही बदललेली फाइल सोर्समधली, पण साइट वाचते ती बिल्डमधून तयार झालेली. बिल्ड केलं नाही तर साइटवर जुनंच दिसेल आणि तुम्ही बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

४. साइटला जोडा. साइटची वेगळी कॉपी घ्या; ग्राहकाच्या चालू साइटला हात लावू नका. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये एनपीएम लिंक चालवा. मग साइटच्या फोल्डरमध्ये एनपीएम लिंक लिहून पुढे लायब्ररीचं नाव द्या. आता साइट तुमच्याच फोल्डरमधून लायब्ररी घेते. बदल, बिल्ड, रिफ्रेश असं काम भराभर होतं.

५. शेवटी पॅक करून तपासा. लिंकमध्ये तुमचं अख्खं फोल्डर दिसतं. लोकांना मात्र पॅकेजमध्ये जेवढं जातं तेवढंच मिळतं. एखादी फाइल पॅकेजमधून सुटली, तर लिंकवर ते कळतच नाही. म्हणून एनपीएम पॅक चालवा. त्यातून टीजीझेड फाइल तयार होते. आधी लिंक काढा, मग ती फाइल साइटच्या कॉपीत इन्स्टॉल करा आणि अपॉइंटमेंटचं पान उघडून वेळा स्वतः वाचा. ग्राहकाला पाठवायचं खोकं आपण एकदा उघडून बघतो, तसं हे आहे.

एक सावधगिरी. टीजीझेड इन्स्टॉल केल्यावर पॅकेज जेसनमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता लिहिला जातो. ती फाइल चुकून चालू साइटवर गेली, तर सर्व्हरला तो पत्ता सापडणार नाही आणि इन्स्टॉल तिथेच अडकेल. वेगळी कॉपी घ्यायची ती याचसाठी.

हे झालं की पुल रिक्वेस्ट पाठवा. काय बदललं, का बदललं, कोणत्या वेळा तपासल्या, हे चार ओळींत लिहा. प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही काय तपासलंय, त्यावरूनच तो तुम्हाला जोखणार. ग्राहकही तसंच करतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या साइटमधली एक लायब्ररी निवडा. काही न बदलता फक्त पहिली पायरी करा. किती टेस्ट पास झाल्या, ते खाली कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!