आधी मूळ पेपर उघड

अगं, शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जायचा असतो, हे तुला कुणी सांगितलं? तसा वाचायला गेलीस तर दुसऱ्याच पानावर डोळे मिटतील, आणि त्यात तुझा काही दोष नसेल. प्रस्तावनेत आधीच्या लोकांचे संदर्भावर संदर्भ, मग पद्धत, मग आकड्यांचं रान आणि शेवटी लांबलचक चर्चा. एमएच्या पहिल्या वर्षाला हे सगळं एकदम इंग्रजीतून अंगावर आलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. सरांनी ‘एक मूळ अभ्यास घ्या आणि त्याचं चिकित्सक मूल्यमापन करा’ एवढंच सांगून सोडून दिलं, हे त्यांचं जरा चुकलंच. पण तू मार्शमेलोचा प्रयोग निवडलास ते फार बरं केलंस. तो सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं, म्हणून तर तो मुळातून वाचायला मजा येते.

एक काम कर. तुला ऐकून माहीत असलेली गोष्ट आधी वहीत चार ओळींत लिहून काढ. बहुतेक अशी असेल: चार वर्षांच्या मुलासमोर एक मार्शमेलो ठेवला, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगून बाई बाहेर गेल्या, काही मुलं थांबली, काहींनी खाऊन टाकला, जी थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, म्हणून मुलांना संयम शिकवा. पालकसभेत, व्याख्यानात, घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओत हेच असतं. आता पेपर उघड आणि या चारांपैकी कोणती ओळ त्यात खरंच आहे ते शोध.

इथेच पहिली गंमत आहे. लोक ज्याला ‘तो मूळ अभ्यास’ म्हणतात तो एक पेपर नाहीच. निदान तीन आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. वॉल्टर मिशेल आणि एबे एबेसन यांचा १९७० चा. त्या दोघांचा अँटोनेट झाइस यांच्यासोबतचा १९७२ चा. आणि शोडा, मिशेल व पीक यांचा १९९० चा. १९७० च्या पेपरमध्ये ‘पुढे आयुष्यात यशस्वी’ शोधत बसलीस तर सापडणार नाही. मार्शमेलोही सापडणार नाही! तिथे बिस्किटं आणि प्रेट्झेल होती, म्हणजे ती गाठ मारल्यासारखी खारी बिस्किटं. पेपर मिळत नाही म्हणून कुणाच्या तरी नोट्सवर भागवू नकोस. ग्रंथपालांकडे जा, ई-जर्नलचं लॉगिन माग. ते बिचारे कुणीतरी विचारायची वाटच बघत असतात.

वाचायचा क्रम मी सांगते तो धर. सारांश, मग पद्धत, मग तक्ते; चर्चा सगळ्यांत शेवटी. चर्चेत लेखक स्वतःची वकिली करत असतो, ती ऐकण्याआधी पुरावा आपल्या डोळ्यांनी बघितलेला बरा. प्रस्तावना तर दुसऱ्यांदा वाचताना आपोआप कळते.

पद्धतीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळं मर्म तिथेच असतं. १९७० च्या पेपरमध्ये काय आहे बघ. मुलं ३२; निम्मे मुलगे, निम्म्या मुली; वय साधारण साडेतीन ते पावणेसहा. सगळी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमधली. त्यांचे चार गट केले, चिठ्ठ्या टाकून वाटावेत तसे. एका गटासमोर दोन्ही खाऊ, दुसऱ्यासमोर फक्त लगेच मिळणारा, तिसऱ्यासमोर फक्त थांबल्यावर मिळणारा, चौथ्यासमोर काहीच नाही. जास्तीत जास्त १५ मिनिटं थांबायचं. आता यात प्रश्न कोणता विचारलाय? ‘कोणतं मूल संयमी’ हा नाही. परिस्थितीत काय बदललं की थांबणं सोपं जातं, हा आहे. आणि उत्तर चांगलंच ठसठशीत आलं. दोन्ही खाऊ समोर असले की मुलं सरासरी एखादं मिनिट थांबली, काहीच समोर नसलं की ११ मिनिटांहून जास्त.

लेखकांचा आधीचा अंदाज उलटा होता, बरं का. बक्षीस डोळ्यांसमोर असलं तर थांबायला बळ येईल असं त्यांना वाटलं होतं. निकाल विरुद्ध आला आणि तो त्यांनी तसाच छापला. अशी जागा दिसली की समासात खूण कर. मूल्यमापन म्हणजे नुसत्या खोड्या काढणं नव्हे, चांगलं कुठे आहे तेही लिहायचं असतं.

१९७२ च्या पेपरमध्ये मार्शमेलो येतो. तिथे काही मुलांना सांगितलं, ‘थांबताना मजेच्या गोष्टी आठव.’ खाऊ समोर असून, काहीच न सांगितलेली मुलं मिनिटभरही टिकेनात. मजेच्या गोष्टी आठवणारी मात्र सरासरी दहा मिनिटांच्या वर गेली. आता तूच विचार कर. मोठ्या माणसाच्या एका वाक्याने एवढा फरक पडत असेल, तर ‘संयम हा मुलाचा जन्मजात गुण आहे आणि चौथ्या वर्षीच कळतो’ हा अर्थ या आकड्यांतून निघतो कसा? निघत नाही. उलट थांबण्याची युक्ती शिकवता येते, असं निघतं. पालकसभेतल्या गोष्टीने मूळ अभ्यास जवळजवळ उलटा केला आहे.

मग ‘पुढे यशस्वी’ आलं कुठून? ते १९९० च्या पेपरमधून. मिशेल यांच्या तिन्ही मुली त्याच बिंग शाळेत होत्या. घरी त्यांच्या वर्गसोबत्यांच्या गप्पा ऐकताना, तेव्हा थांबणाऱ्या मुलांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्यांना पडला. मग पालकांना पत्रं गेली. या पेपरमध्ये सगळ्यांत आधी आकड्यांची गळती शोध. १९६८ ते १९७४ या काळात प्रयोगांत भाग घेतलेली मुलं ६५३. ज्यांच्या पालकांकडून उत्तरं आली ती १८५. ज्यांचे सॅटचे, म्हणजे तिकडच्या कॉलेज प्रवेशपरीक्षेचे गुण मिळाले, ती ९४. थांबण्याचा वेळ आणि हे गुण यांचं नातं ठळक दिसलं ते फक्त एका गटात, जिथे खाऊ समोर उघडा होता आणि मुलांना कोणतीही युक्ती सांगितली नव्हती. त्या गटात सॅटचे गुण हाती असलेली मुलं किती? ३५.

पस्तीस, पोरी. जगभरातल्या पालकांची झोप या पस्तीस मुलांनी उडवली आहे.

त्यांच्यात थांबण्याचा वेळ आणि गणिताचे गुण यांचा सहसंबंध ०.५७ आला, भाषेचा ०.४२. हे आकडे लहान नाहीत. पण तू संख्याशास्त्राच्या तासाला विश्वासांतर काढायला शिकलीस ना? ते इथे लाव. पस्तीस मुलांवरच्या ०.५७ चं ९५ टक्क्यांचं विश्वासांतर साधारण ०.२९ ते ०.७६ येतं. म्हणजे खरं नातं मध्यमही असू शकेल, जबरदस्तही असू शकेल. भाषेचं तर ०.१० पासून सुरू होतं. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि असाइनमेंटमध्ये हा एक स्वतःचा हिशोब असला की सरांना कळतं, हिने पेपर खरंच वाचलाय. शिवाय लेखकांनीच चर्चेत बजावलं आहे की नमुना लहान आहे, हे आकडे खऱ्यापेक्षा फुगलेले असू शकतात. ते वाक्य व्याख्यानांपर्यंत पोचलं नाही. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’मधून हा प्रयोग घराघरांत गेला, तो ताकीद मागे ठेवूनच.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, पण शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. बिंगमधली बरीच मुलं विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची. त्यांच्यावरून अमेरिकेतल्या सगळ्या मुलांबद्दल बोलणंही जड जातं, मग सोलापूरच्या अंगणवाडीतल्या पोरांबद्दल काय बोलणार?

आणखी एक फरक मनात पक्का कर, परीक्षेतही उपयोगी पडेल. १९७० आणि १९७२ मध्ये संशोधकांनी स्वतः परिस्थिती बदलली आणि मुलं रँडम वाटली, म्हणून तिथे ‘यामुळे ते झालं’ म्हणता येतं. १९९० मध्ये नुसते दोन आकडे शेजारी ठेवले आहेत. थांबल्यामुळे गुण मिळाले, की घरची सुबत्ता, आईबापांचं शिक्षण, मुलाची मुळातली समज यांच्यामुळे थांबणंही जमलं आणि गुणही मिळाले? पेपर हे सांगू शकत नाही.

म्हणून २०१८ चा वॉट्स, डंकन आणि क्वान यांचा पेपर शेजारी ठेवून वाच. त्यांनी ९१८ मुलांची माहिती घेतली आणि त्यातही ज्यांच्या आयांनी कॉलेज पूर्ण केलं नव्हतं अशा ५५२ मुलांवर भर दिला. नातं दिसलं, पण मूळच्या निम्म्याच्या आसपास. घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक क्षमता हिशोबात धरल्यावर त्यातलंही दोनतृतीयांश गळालं. आणि जो फरक दिसला तो मुख्यतः पहिले २० सेकंद थांबता आलं की नाही, याचा होता.

तेव्हा ‘मार्शमेलो प्रयोग खोटा ठरला’ असे मथळे झळकले. त्यांनाही भुलू नकोस. वॉट्स यांच्या अभ्यासात मुलांना जास्तीत जास्त सात मिनिटंच थांबायचं होतं, मिशेल यांच्याकडे पंधरा. घरची परिस्थिती वजा करताना संयमाचाच थोडा भाग वजा झाला नसेल कशावरून? थांबायचं मूल शिकतं ते घरातच ना! टीका करणाऱ्याचा पेपरही त्याच चाळणीतून गेला पाहिजे. मला स्वतःला वॉट्स यांचं म्हणणं जास्त पटतं, पण ते का पटतं हे मला सांगता आलं पाहिजे.

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा छोटा अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी मार्शमेलो आणण्याआधी मुलांना चांगले रंग आणि स्टिकर देण्याचं कबूल केलं. निम्म्या मुलांना ते मिळाले. निम्म्यांना ‘सॉरी, नाहीयेत’ असं सांगितलं. मग नेहमीचा खेळ. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली जेमतेम ३. समोरचा माणूस परत येऊन देणारच नसेल, तर हातातला खाऊ खाणं हे शहाणपणच की. मात्र मुलं एकूण २८ च होती, तेव्हा आवडला म्हणून सूट देऊ नकोस. विश्वासाचा हा धागा मिशेल यांच्या अगदी सुरुवातीच्या कामातही आहे. १९५८ च्या पेपरमध्ये त्यांनी त्रिनिदादमधल्या आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या मुलांना ‘आत्ता छोटी गोळी की पुढच्या आठवड्यात मोठी’ असं विचारलं होतं, आणि घरात वडील आहेत की नाहीत याचा त्या निवडीशी संबंध आढळला होता.

संस्कृतीबद्दल एक परिच्छेद लिहिलास तर उत्तम. २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांची तुलना झाली. जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबली, गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी कमी. अमेरिकी मुलांचं बरोबर उलट. जपानमध्ये सगळ्यांचं वाढून होईपर्यंत जेवायला सुरुवात न करण्याची सवय असते, तिकडे वाढदिवसाच्या भेटी लगेच न उघडण्याची. मग चाचणीने काय मोजलं, मनोबल की सवय? गणपतीत नैवेद्य दाखवून होईपर्यंत मोदकाला हात न लावणारी आपली पोरं या चाचणीत कशी वागतील, हा प्रश्न तू जरूर मांड. फक्त उत्तर माहीत असल्यासारखं लिहू नकोस.

मोठं चित्र द्यायचं असेल तर २०१५ चा ‘सायन्स’मधला पेपर पुरे. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होता, पुन्हा करताना ३६ टक्क्यांमध्येच आला. यावर पानभर लिहू नकोस, दोन ओळी बास.

आणि लिहिताना ‘नमुना लहान होता, पुढील संशोधनाची गरज आहे’ हे ठरलेलं वाक्य टाकून मोकळी होऊ नकोस. ते कोणत्याही पेपरला चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. नमुना लहान असल्यामुळे नेमका कोणता दावा डळमळतो ते लिही. माझं मत विचारशील तर १९७० आणि १९७२ चे प्रयोग भक्कम आहेत आणि १९९० चा पेपर प्रामाणिक आहे; कच्चं आहे ते त्याच्या नावावर सांगितलं जाणारं. तुझं मत वेगळं पडलं तर बिनधास्त वेगळं लिही, पण त्याच्याशेजारी आकडा हवा.

कच्चा मसुदा झाला की पाठव. इंग्रजीच्या चुका मी बघेन. पण त्यात ३५ हा आकडा कुठे दिसला नाही, तर न वाचताच परत पाठवीन.