पुष्कळांचे पुष्कळ सुख : हिशोब कुठपर्यंत?

‘ज्यात अधिक लोकांचे भले, तेच कर्म योग्य’ असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यामागे एक संपूर्ण नीतिशास्त्र उभे आहे. त्याला उपयुक्ततावाद म्हणतात. इंग्लंडचे जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो पद्धतशीर मांडला. सुखदुःखाच्या या हिशोबात राजा असो वा मजूर, प्रत्येकाची गणना एकच. मुक्या प्राण्यांच्या वेदनाही त्यांनी त्यात धरल्या. त्या काळी हे मोठेच धाडस होते, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त या मताची कसून तपासणी केली आहे. कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचे सात. मग केवळ संख्या पाहून पांडवांनी माघार घ्यायची का? दुसरे उदाहरण त्यांनी अमेरिकेतील दिले आहे. एका शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्रामगाडी सुरू व्हायची होती. परवानगीला विलंब होऊ लागला, म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोयही झाली. पुढे प्रकरण उघडकीस आले आणि व्यवस्थापक दोषी ठरला. सुखाची बेरीज मोठी असूनही कर्म शुद्ध ठरले नाही, कारण बुद्धी शुद्ध नव्हती. यावर जॉन स्टुअर्ट मिल यांचे मत वेगळे पडते : हेतूवरून माणसाची योग्यता कळते, कर्माची नीतिमत्ता नव्हे.

आता आपल्या काळाकडे वळू. रुग्ण अनेक आणि कृत्रिम श्वसनयंत्र एकच, अशा वेळी वाचण्याची शक्यता कोणाची अधिक, हे डॉक्टरांना पाहावेच लागते. तेथे हिशोब टाळणे म्हणजे जबाबदारी टाळणे. धरणाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशी खोऱ्यातील शेतजमिनी पाण्याखाली जाणार होत्या, तेव्हा १९२१ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. शहरातील माणसे अधिक, खोऱ्यातील थोडी. बेरीज कोणाच्या बाजूने जाते, हे उघड आहे. पण ती बेरीज मांडायला बसलेल्यांत जमीन गमावणारा शेतकरी नव्हता. मोबदल्याचा आकडा ठरवताना त्याच्या कुलदैवताचे देऊळ किंवा पिढ्यांची शेते कोणत्या रकान्यात लिहायची?

महात्मा गांधींनी म्हणूनच बहुसंख्यांच्या सुखाचे हे तत्त्व नाकारून ‘सर्वोदय’ हा शब्द स्वीकारला. तो आचरणात आणणे अधिक अवघड आहे, कारण त्यात शेवटचा माणूस वजा करता येत नाही.