गळ, गती आणि गणित : ल्युअर फिशिंगचा छोटा सिलॅबस

'मासेमारी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. काठावर गळ टाकून, डोक्याला पंचा गुंडाळून तासन् तास पेंगणारा माणूस! आमच्या हॉस्टेलवर तर 'काम नसेल तर मासे मारायला जा' हा टोमणाच आहे. पण ल्युअर फिशिंग हा वेगळा प्रकार आहे. इथे गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, कोळंबीही नाही. लाकडाचा, पत्र्याचा किंवा रबराचा खोटा मासा दोरीला बांधायचा, लांब फेकायचा आणि तो जिवंत वाटेल असा ओढत आणायचा. म्हणजे आमिषात जीव घालायचं काम आपल्या मनगटाचं. कोकणात गरवायला जाणारे पुष्कळ आहेत, पण हल्ली खाडीकाठी रॉड-रीळ घेऊन उभी असलेली कॉलेजची पोरंही दिसतात. त्यातली बरीचशी तीन-चार रविवार रिकाम्या हाताने परततात आणि मग रॉड कॉटखाली जातो. नशीब खराब म्हणून नव्हे, तर बेसिक कच्चं म्हणून. ते बेसिक पक्कं करण्यासाठी हा लेख.

मासा फसतो का?

फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने तळ्यावर एक गोष्ट टिपली. मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यातून नेमका तोच मासा उचलतो, जो जरा लंगडत, डगमगत पोहतोय. त्याने १९३६ साली बुचाच्या लाकडातून तसाच डगमगणारा मासा कोरला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लॅकर नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या 'मिनो' ल्युअरचा हा आजोबा. यातून धडा एकच: रंग नंतर, चाल आधी.

ही चाल येते कुठून? ल्युअरच्या तोंडाखाली जी पारदर्शक जीभ असते, ती म्हणजे प्रवाहात तिरकी धरलेली पट्टी. तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ल्युअर डावी-उजवीकडे हलतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात 'व्होर्टेक्स शेडिंग' लिहून मार्क घेतलेत ना, तेच हे. जीभ लांब आणि आडवी असेल तर ल्युअर खोल जातो; आखूड आणि उभी असेल तर वरच राहतो. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा ही थरथर जाणते, म्हणून गढूळ पाण्यातही मासा ल्युअर शोधून काढतो.

कुठला ल्युअर कुठे?

चमचा (स्पून) : वाकवलेला पत्रा. वजनदार, म्हणून लांब जातो. वाऱ्यात आणि समुद्रकाठी उपयोगी.

मिनो किंवा क्रँकबेट : जीभ असलेला मासा. खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी.

जिग आणि रबरी शेपटी : शिशाचं डोकं, मऊ अंग. तळाशी उड्या मारत आणायचा. नवशिक्याने पहिला हाच घ्यावा, कारण तो कुठल्याही खोलीवर चालतो.

पॉपर : पाण्यावर 'डुब्ब' असा आवाज करणारा. पहाटे आणि संध्याकाळी, पाणी शांत असताना.

बेडूक (फ्रॉग) : पोकळ रबरी बेडूक, गळ पाठीला चिकटलेले. त्यामुळे तो पाणवनस्पतीत अडकत नाही. तळ्यातल्या मरळीसाठी याला तोड नाही.

रंगासाठी सोपा नियम. स्वच्छ पाण्यात नैसर्गिक चंदेरी, गढूळ पाण्यात सोनेरी किंवा भडक, अंधारात चक्क काळा. कारण रात्री खालून वर बघणाऱ्या माशाला रंग नाही, आकृती दिसते.

वेग मोजायला शिका

समजा तुमच्या रिळाचा गिअर रेशो ५:१ आहे आणि स्पूलची त्रिज्या २५ मिमी. स्पूलचा परीघ झाला साधारण १५७ मिमी. म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी येते सुमारे ७८ सेंमी. सेकंदाला एक फेरी मारली तर ल्युअरचा वेग ०.७८ मीटर प्रति सेकंद.

आता खाडीचं पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहतंय असं धरा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून पाण्याबरोबर ओढलात, तर पाण्याच्या सापेक्ष ल्युअरचा वेग उरतो फक्त ०.२८. ल्युअर मेल्यासारखा येणार. उलट खालच्या अंगाला फेकून प्रवाहाविरुद्ध ओढलात, तर तोच वेग १.२८ होतो. हात तसाच चालतोय, पण ल्युअर वेड्यासारखा पळतोय! म्हणून वर फेकलं तर हँडल भरभर, खाली फेकलं तर सावकाश. प्रवाहाकडे न बघता एकाच लयीत रीळ फिरवणाऱ्याला मासा का लागत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. चार फेऱ्या, मग दोन सेकंद थांबा, एक छोटा झटका, पुन्हा चार फेऱ्या. शिकारी मासा पुष्कळदा मागे मागे येत असतो आणि ल्युअर थांबला किंवा अचानक निसटायला लागला की झडप घालतो. जिग वापरताना ल्युअर पडल्यावर मनात आकडे मोजा. दोरी सैल पडली की तळ आला. दहा आकड्यांना तळ लागत असेल तर पुढच्या फेकीत आठला ओढायला सुरुवात करा, मग सहाला. कुठल्या थरात मासा आहे ते अशाने कळतं.

पाणी वाचणं, म्हणजे खरा पेपर

मासा प्रवाहाशी झुंजत उभा राहत नाही. तो पुलाच्या खांबामागे, खडकाच्या आडोशाला, बांधाच्या कोपऱ्यावर, जिथे पाणी मंदावतं तिथे थांबतो आणि समोरून वाहत येणाऱ्या बोयट्या, कोळंब्या उचलतो. त्यामुळे ल्युअर आडोशाच्या मधोमध नको. वेगाचं पाणी आणि मंद पाणी यांची जी शिवण दिसते, तिच्या कडेने आणा. खाजणाच्या उघाडीपाशी ओहोटीला हीच मेजवानी असते, कारण आतलं पाणी छोट्या माशांसकट बाहेर पडत असतं.

आता वेळ. भरतीसाठी आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तो मोबाईल ॲपशिवाय चालतो. मेसमधल्या कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा अंदाज समुद्रालगतचा. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरा.

या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. ढोबळ वाटणी बाराव्या हिश्श्यांची: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच जातं. चतुर्थीला हे तास येतात संध्याकाळी पाच ते सात. लेक्चर संपलेलं, ऊन उतरलेलं, पाणी पळतंय. अजून काय पाहिजे?

आणि उभं राहायचं कसं? पाणी आणि हवा यांच्यातला क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश. त्यामुळे माशाला वरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तुम्ही काठावर ताठ उभे राहिलात तर त्या खिडकीत येता. मागे सरून वाकलात तर कडेला जाऊन चपटे आणि पुसट होता. भडक टी-शर्ट आणि काठावर नाचणं टाळा, पाय आपटू नका. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपट वेगाने जातो.

दोरी, गाठ आणि ड्रॅग

विणलेली दोरी (ब्रेड) बारीक असून दणकट असते, ताणत नाही, म्हणून हलका ठोकाही हाताला कळतो. पण ती दगडावर घासली की संपली. म्हणून पुढे हातभर फ्लुरोकार्बन किंवा जाड नायलॉनचा लीडर हवाच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी का दिसतं ते कळलं ना? गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा, कारण कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं.

ड्रॅग म्हणजे रिळाचा क्लच. दोरी ९ किलोची (२० पौंड) असेल तर ड्रॅग तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे ३ किलोवर लावा. अंदाजे नको, स्प्रिंग काटा हुकला लावून मोजा. 'एवढा कमी का?' तर हे गणित पाहा. क्लचचा टॉर्क स्थिर असतो, पण मासा दोरी घेऊन पळाला की स्पूलची त्रिज्या घटते. २५ मिमीची १५ मिमी झाली की ताण ३ वरून ५ किलोवर जातो. गाठीने दोरीची ताकद ७० टक्क्यांवर आणली असेल तर हातात उरले ६.३ किलो. त्यात माशाचा एक झटका आणि खेळ खलास. म्हणून मासा पळत असताना ड्रॅग आवळायचा नाही. उलट किंचित सैल करायचा.

हॉस्टेलच्या ग्राउंडवरचा सराव

पहिल्या आठवड्यात पाण्याकडे जाऊच नका. गळाऐवजी १५ ग्रॅमचं वजन बांधा, वीस पावलांवर मेसची बादली ठेवा आणि रोज पन्नास फेका. ताकद लावू नका. रॉड मागे वाकू द्या, तोच स्प्रिंगसारखा वजन फेकतो. दहात सहा वेळा बादलीजवळ पडायला लागलं की खाडीवर चला.

ल्युअरही घरी होतो. जुनी सीडी पॉलिकार्बोनेटची असते, तिची जीभ कापता येते. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, पोटात शिशाचा तुकडा, आरपार स्टीलची तार. शिसं पोटात खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ल्युअर उलटा पोहतो. वर्कशॉपमधल्या मामांना विचारून करा, मनाने ग्राइंडर चालवू नका. जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून दोन भोकं पाडली तरी झकास स्पून तयार.

सोडून द्यायला शिका

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपल्याला हवा असलेला मोठ्यात मोठा मासा बहुतेक वेळा लाखो अंडी देणारी मादी असते. तिला मारलं की खाडीच्या पुढच्या कित्येक हंगामांचं बियाणं गेलं. खायचाच असेल तर मधल्या आकाराचा एखादा ठेवा, मोठा आणि अगदी छोटा सोडा. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं आहे, तेही माहीत करून घ्या.

मरळीचं तर अजून नाजूक. पावसाळ्यात तळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका वरखाली करताना दिसला, तर खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक फेकला की ते हमखास झडप घालतात, भुकेने नाही, पिल्लांसाठी. ही शिकार सोपी आहे, म्हणूनच ती करू नये. आई-बाप गेले की पिल्लं इतर मासे फस्त करतात.

सोडायच्या माशासाठी गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, हात ओले करा, पोटाखाली आधार द्या आणि शक्यतो पाण्यातच गळ काढा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, तिथे बोटं घालू नका.

आणि स्वतः परत या

सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांमध्ये मगरी आहेत. तिथे कमरेएवढ्या पाण्यात उतरून ल्युअर सोडवायला जाणं म्हणजे शंभर-दोनशे रुपयांसाठी जीव पणाला लावणं. शेवाळलेल्या खडकावर लाटांच्या बाजूला उभं राहू नका, उधाणाला तर नाहीच. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवा, कारण कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी, सोबत निदान एक मित्र आणि रूमवर सांगून गेलेली जागा, एवढं तरी पाहिजेच. गळ अंगात खोल रुतला तर खेचू नका, डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

जाताना हेही लक्षात असू द्या की धरणं-तलाव पुष्कळदा मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात. आधी विचारा. आपला छंद आहे, त्यांची चूल आहे. कोळी-भोई मंडळींची जाळी जिथे लागली असतील तिथून लांब फेका. दोन शब्द नीट बोललात तर पाण्याबद्दल ते जे सांगतील, ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. तुटलेली दोरी खिशात घालून आणा. पाण्यात राहिली तर पक्ष्यांच्या पायाला फास.

शेवटी एक वही ठेवा. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, ल्युअर, ओढण्याची पद्धत आणि निकाल, मग तो शून्य असला तरी. लॅबच्या जर्नलसारखी दुसऱ्याची कॉपी मात्र करू नका! दहा-पंधरा नोंदी झाल्या की तुमच्या खाडीचा स्वभाव त्या वहीत दिसायला लागेल. मग एखाद्या चतुर्थीच्या संध्याकाळी, खांबामागच्या शिवणेवर ल्युअर दोन सेकंद थांबेल आणि रॉड अचानक वाकेल. तेव्हा घाई करू नका. ड्रॅग आधीच मोजलेला आहे, बाकीचं काम त्याला करू द्या.