तोडणीचा अड्डा आणि विषाणूची साथ



उसावरील रोग-किडींबद्दल आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आज ऊस तोडणाऱ्या माणसांच्या आजाराबद्दल लिहीत आहोत. हा विषय दवाखान्याचा आहे, शेतकी खात्याचा त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण टोळीत ताप शिरला की तोड थांबते आणि त्याचा फटका मजुराला, सभासदाला व कारखान्याला असा तिघांनाही बसतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

उसावरचा मोझॅक रोग आपल्या परिचयाचा आहे. तो विषाणूमुळे होतो, बेण्यातून व मावा किडीमार्फत पसरतो. एकदा बेटात शिरला की त्याला बरे करणारी फवारणी नाही. म्हणून आपण बेणे निरोगी घेतो आणि रोगट बेट वेळीच उपटून काढतो. माणसातही बऱ्याच विषाणूंचे असेच आहे. फ्ल्यू, साधी सर्दी, कोरोना यांवर अँटिबायोटिकच्या गोळ्या चालत नाहीत, त्या गोळ्या जिवाणूंसाठी असतात. तेव्हा विषाणूची वाट अडवणे हाच मोठा उपाय. फरक एवढाच, की बेट उपटता येते. माणसाला मात्र विसावा द्यावा लागतो.

वाट पहिली : श्वासाची

खोकला, शिंक व बोलणे यांतून बारीक तुषार उडतात, त्यातून फ्ल्यू व कोरोना पसरतो. उघड्या फडात हवा खेळती असल्याने धोका कमी. खरा धोका रात्री कोपीत, बंद केबिनमध्ये दाटीने बसल्यावर आणि गट ऑफिसच्या एका खोलीत वीस माणसे कोंबल्यावर असतो. फ्ल्यूचा रोगी ताप चढण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. त्यामुळे "अंगावर काढतो, होईल बरे" म्हणणारा गडी कोयता चालवता चालवता अर्धी टोळी आजारी पाडतो.

वाट दुसरी : पाण्याची

हिपॅटायटीस ए आणि ई या काविळीचे विषाणू विष्ठेतून पाण्यात व पाण्यातून पोटात जातात. २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची मोठी साथ हिपॅटायटीस ई ची होती. अड्ड्यावर संडासाची सोय नसेल आणि पिण्याचे पाणी ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे असेल, तर ही वाट मोकळीच राहते. या काविळीची लक्षणे दिसायला महिना-सव्वा महिनाही लागतो, म्हणून दोष कोणत्या पाण्याचा हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकते. टोळीत अशा भगिनी असतात, हे विसरून चालणार नाही.

आजार लपतो का?

तोडणीची मजुरी टनावर असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक पडला की दुसऱ्याचे काम निम्म्यावर येते. वर कित्येक ठिकाणी गैरहजेरीचा खाडा धरून उचलीत वळता करण्याची रीत आहे. अशा वेळी ताप आला म्हणून कोण सांगेल? तो गोळी खाऊन फडात उतरतो. मग दोन दिवसांनी चार जण पडतात, आठवड्यात टोळी बसते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण म्हणतो. तो बांधावर वाळू लागतो, वजन घटते, साखर उतरते. एका माणसाचा दोन दिवसांचा खाडा वाचवायला गेलो आणि अख्खी तोड गमावली, हा कुठला हिशेब? पहिल्या आजाऱ्याला बिनखाड्याने बसू देणे हे धर्माचे काम तर आहेच, पण ते फायद्याचेही आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो तोडणी मजूर परमुलखात कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलमध्ये शासनाने तपासणी करून त्यांना गावी जाऊ दिले. त्याच काळात अनेक साखर कारखान्यांच्या आसवनीत सॅनिटायझर तयार झाले. साथ आल्यावर हे सर्व करावे लागले. साथ येण्याआधी करण्याची कामे याहून सोपी आहेत.

सभासदांनी काय करावे

१) आपल्या फडात टोळी आली की मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगावे, "तापाचा माणूस कामाला लावू नको, खाडा धरू नको." त्यामुळे तोड मागे पडत असेल तर गट ऑफिसला कळवावे. क्रम मागेपुढे करणे आमचे काम आहे.

२) पिण्यासाठी बोअरचे किंवा नळाचे पाणी द्यावे. टी.सी.एल. पावडरचे माप आरोग्य सेवकाकडून घ्यावे व टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी तसेच ठेवावे. गरोदर बाईला उकळून गार केलेलेच पाणी द्यावे.

३) फडाच्या कडेला साबणाची वडी व पाण्याचे कॅन ठेवावे. संडासहून आल्यावर व भाकरीपूर्वी वीस सेकंद हात चोळून धुवावेत. फ्ल्यू-कोरोनाच्या विषाणूवरचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. सॅनिटायझर वापरल्यास त्यात ६० ते ८० टक्के अल्कोहोल असावे. त्याहून कडक स्पिरिट जास्त गुणकारी असते हा समज चुकीचा आहे, कारण थोडे पाणी असल्याखेरीज त्याचा गुण पुरता येत नाही.

४) आजाऱ्याची झोपण्याची जागा, तांब्या व टॉवेल वेगळा असावा. खोकताना तोंडावर उपरणे किंवा पदर धरावा. कोपीची एक बाजू मोकळी ठेवावी.

५) धाप लागणे, तीन दिवसांहून जास्त ताप, गुंगी किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

६) टोळीतील लहान मुलांचे गोवर-रुबेलाचे दोन डोस, नववा महिना पूर्ण झाल्यावर व सोळा ते चोवीस महिन्यांत, राहिले असल्यास आशाताईंना सांगावे. गाव सोडल्याने डोस चुकतो, पण तो इथेही मोफत मिळतो.

गट ऑफिस व वजनकाट्यावरही हेच नियम लागू आहेत. चिटबॉय असो वा ड्रायव्हर, ताप असेल त्याने घरी राहावे व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सभासदहो, बेणे निवडताना आपण जेवढे डोळ्यात तेल घालून पाहतो, तेवढेच लक्ष आपल्या फडातल्या माणसांकडे द्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी